दूध-पोळीवरचे मांजर : आहार बदला, पण उपाशी ठेवून नको

‘आमच्या मांजराला दूध-पोळीच लागते. दुसरे काही दिले तर वास घेऊन निघून जाते. काय करावे?’ तालुक्याच्या गावी जनावरांचा दवाखाना चालवताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. सकाळी गाई-म्हशी आणि शेळ्या, संध्याकाळी कुत्री-मांजरे असा माझा दिवसाचा क्रम. पूर्वी संध्याकाळी कुत्रीच अधिक येत. आता पिशवीत, टोपलीत घालून आणलेली मांजरेही बाकावर रांगेत असतात. माणसांच्या आरोग्याची चर्चा होणाऱ्या सदरात मांजर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्या घरात मांजर आहे, त्या घरात त्याच्या खाण्यावरून रोज वाद होतात आणि त्या वादाचा शेवट कधी कधी मांजराच्या जिवावर बेततो. म्हणून आजचा लेख.

माझे म्हणणे आधीच सांगतो. मोठ्या मांजराला दूध-पोळी किंवा दूध-भात हा रोजचा आहार म्हणून देणे अयोग्य आहे. तो बदललाच पाहिजे. मात्र ‘दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, भूक लागली की निमूटपणे खाईल’ हा जो सल्ला शेजारीपाजारी सर्रास देतात, तो दूध-पोळीपेक्षाही घातक आहे. चुकीचा आहार मांजराला वर्षानुवर्षे आतून पोखरतो. उपासमार त्याचा आठवड्याभरात जीव घेऊ शकते.

दुधाचा समज

मांजर आणि दूध यांची गाठ आपल्या भाषेनेच पक्की बांधून ठेवली आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते. शिंके तुटले की बोक्याचे फावते. मांजराला दूध आवडते हे खरेच आहे, पण ते त्यातल्या स्निग्धांशासाठी आणि प्रथिनांसाठी. गोडीचा त्यात काही संबंध नाही. गोड चव ओळखण्यासाठी लागणारे एक जनुक मांजरात निकामी झालेले असते, असे अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. म्हणून ‘साखर घालून दिले तर खाईल’ हा आपला प्रयोग वाया जातो.

आवडणे वेगळे आणि मानवणे वेगळे. पिल्लू आईचे दूध पिते तेव्हा त्या दुधातली शर्करा पचवणारा पाचकरस त्याच्या आतड्यात भरपूर असतो. पिल्लू मोठे होते तसा तो कमी होत जातो. म्हणून अनेक मोठ्या मांजरांना दुधाने पोटात गुबारा धरतो, पातळ शी होते. सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. पण ज्याला होतो त्याच्या मालकाला दुधाचा संशय येत नाही, कारण ‘दूध तर मांजर पितेच’!

‘आमच्या आजीच्या वाड्यातली मांजरे दूध-भातावर बारा-बारा वर्षे जगली’ असेही मला ऐकवले जाते. मी त्यांना उलट विचारतो, त्या वाड्यात उंदीर होते की नव्हते? धान्याची कोठी होती, गोठा होता, माळा होता, परसात पाखरे होती. ते मांजर रात्री आपले खरे जेवण स्वतः मिळवत होते आणि सकाळी आजीच्या हातचा दूध-भात वरून खात होते. आज तेच मांजर दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते. त्याला दिसलेच तर एखादे झुरळ किंवा पाल दिसते. वरचे खाणे तेवढे राहिले आणि मुख्य जेवण गेले. आजीचे काही चुकत नव्हते. घर बदलले, मांजराची वाटी मात्र तशीच राहिली.

वाघाची मावशी

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे नाते अगदी खरे आहे. कुत्रा माणसाच्या सोबतीने भाकरी-पोळी पचवायला बऱ्यापैकी शिकला. मांजर शिकले नाही. त्याचे शरीर मांसावरच चालते.

गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. मांजराला ते जमत नाही, त्याला ते प्राण्यांच्या अन्नातूनच तयार मिळावे लागते. तीच गोष्ट काही स्निग्धाम्लांची. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट टॉरिन या घटकाची. टॉरिन मांस, मासळी, काळीज यांत असते, धान्यात आणि भाजीपाल्यात जवळजवळ नसते. मांजराचे शरीर ते पुरेसे बनवू शकत नाही आणि पचनासाठी लागणाऱ्या पित्तातून ते सतत खर्च होत राहते.

टॉरिन कमी पडले की काय होते, हे कळायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. त्याच्या अभावी मांजराच्या डोळ्यातील पडदा निकामी होतो, हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी दाखवले की हृदयाचा स्नायू सैल पडून होणारा एक जीवघेणा विकारही मांजरांना टॉरिनच्या अभावी होतो, आणि टॉरिन दिल्यावर तो सुधारू शकतो. त्यानंतर मांजरांचे तयार खाद्य बनवणाऱ्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि हा विकार पुष्कळच कमी झाला. हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, दूध-पोळीवरचे मांजर वरवर धडधाकट दिसते. अंगाने गुबगुबीतही असते. डोळ्याचे आणि हृदयाचे नुकसान आत चालू असते. ते दिसू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही.

केवळ मासळी, केवळ काळीज

‘आम्ही तर मासळी देतो’ असे म्हणून किनारपट्टीच्या वाचकांनीही निश्चिंत राहू नये. रोज फक्त मासळी हाही पुरता आहार होत नाही. काही जातींच्या कच्च्या मासळीत ‘बी-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारा घटक असतो. ती सतत खाल्ल्यास मांजराचा तोल जातो, झटके येतात. तेलकट मासळीचा अतिरेक झाला तर अंगातल्या चरबीला दाह होतो आणि हात लावला तरी मांजर ओरडते. कोंबडीचे काळीज (कलेजी) मांजर आवडीने खाते, पण रोज तेच दिले तर ‘अ’ जीवनसत्त्व साठून मानेची हाडे जखडतात. नुसत्या मऊ मांसात कॅल्शियम नगण्य असते, त्यामुळे त्यावर वाढलेल्या पिल्लांची हाडे ठिसूळ होतात. उंदीर खाणारे मांजर हाडासकट खाते, हे विसरू नये.

कच्चे मांस देणाऱ्यांना आणखी एक इशारा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा येथील केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत त्यांना बर्ड फ्लूची लागण झाल्याचे आढळले. हा विषाणू वाघाला होतो तसाच त्याच्या मावशीलाही होतो. म्हणून कोंबडी द्यायची ती शिजवूनच द्यावी. शिजवलेले हाड मात्र देऊ नये. त्याचे अणकुचीदार तुकडे होऊन ते घशात किंवा आतड्यात रुततात.

हे नखरे नव्हेत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मांजर नवे अन्न का नाकारते? घरातली माणसे म्हणतात, लाडावले आहे. माझ्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे. आपले अन्न कोणते हे मांजर पिल्लूपणी, आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत शिकते. त्या वयात ज्याचा वास, ऊब आणि जिभेवरचा स्पर्श ओळखीचा झाला तेच त्याच्या लेखी अन्न. बाकीचे सगळे संशयास्पद. एकट्याने शिकार करणाऱ्या प्राण्याला हा संशय उपयोगाचाच होता. अनोळखी वस्तू तोंडात न घालणारे मांजर जगले. चार वर्षे दूध-पोळी खाल्लेल्या मांजरापुढे आपण एके दिवशी दाणेदार खाद्याची वाटी ठेवतो, तेव्हा त्याला ते खडे वाटत असतील तर नवल नाही.

दुसरे कारण अगदी साधे आहे. त्याचे पोट भरलेले असते. चार किलोच्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी पुरतात. म्हशीचे दीडशे मिलिलिटर दूध, म्हणजे एक वाटी, प्यायले की त्यातला निम्म्याहून अधिक भाग संपला. वर अर्धी पोळी कुस्करून दिली की मग भूक उरतेच किती?

तिसरे कारण आजार. नेहमी व्यवस्थित खाणारे मांजर अचानक खाईनासे झाले तर तो नखरा समजू नये. दात किडलेले, हिरड्या सुजलेल्या, मूत्रपिंड थकलेले, नाक चोंदून वास येईनासा झालेला, अशी अनेक कारणे असू शकतात. म्हणून आहार बदलण्यापूर्वी एकदा तपासणी करून घ्या. अशा वेळी घरातली तापाची गोळी तर चुकूनही देऊ नका. माणसाला चालणारे पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

उपासमार का नको?

कुत्रा दोन दिवस उपाशी राहिला तर फारसे बिघडत नाही. मांजराचे तसे नाही. खाणे बंद झाले की अंगातली चरबी सुटून यकृताकडे जाऊ लागते. मांजराच्या यकृताला एवढ्या चरबीचा निपटारा करता येत नाही. ती तिथेच साठते आणि यकृताचे काम मंदावते. मग मळमळ सुरू होते आणि मळमळीमुळे आता आवडते अन्नही नकोसे होते. म्हणजे ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेबच उलटा पडतो. जितके उपाशी, तितकी खाण्याची वासना कमी.

हा धोका लठ्ठ मांजरांना सर्वांत जास्त. ‘एवढे गुटगुटीत आहे, चार दिवस न खाऊन काय होणार’ असे ज्याच्याबद्दल म्हटले जाते, नेमके तेच मांजर यात सापडते. लाळ गळते, उलट्या होतात, कानाच्या आतली कातडी आणि हिरड्या पिवळ्या दिसू लागतात. त्यानंतर नळीने आठवडेच्या आठवडे अन्न पोचवावे लागते. वेळेवर उपचार झाले तर पुष्कळ मांजरे वाचतात, पण तालुक्याच्या ठिकाणी ही सोय सगळीकडे नसते. म्हणून नियम लक्षात ठेवा. मांजराने चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर नवे अन्न बाजूला ठेवून त्याचे जुने अन्न द्या. तेही खाल्ले नाही तर पशुवैद्याला दाखवा. अठ्ठेचाळीस तास मुळीच थांबू नका.

मग बदल करावा कसा?

सावकाश, हेच उत्तर. समजूतदार मांजर आठ-दहा दिवसांत नवे अन्न स्वीकारते. हट्टी मांजराला महिना-दीड महिना लागतो. तेवढा वेळ काढण्याची तयारी ठेवूनच सुरुवात करावी.

आधी मांजराचे वजन करून घ्या आणि बदल चालू असेपर्यंत दर आठवड्याला करा. चार किलोच्या मांजराचे वजन आठवड्यात ऐंशी ग्रॅमपेक्षा जास्त घटता कामा नये. घरच्या काट्यावर एवढा बारीक फरक कळत नाही, म्हणून दवाखान्यातल्या काट्यावर करावे.

पहिल्या आठवड्यात अन्न बदलू नका, फक्त वेळ बांधा. दिवसभर भरून ठेवलेली वाटी उचलून घ्या. नेहमीचेच अन्न दिवसातून तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळी, अर्ध्या तासासाठी ठेवा. त्यामुळे वेळेवर भूक लागण्याची सवय होते. याच आठवड्यात शेजारच्या वाटीत नव्या अन्नाचा चिमूटभर नमुना नुसता ठेवत जा. खाल्ला नाही तरी चालेल, वासाची ओळख होते.

दुसऱ्या आठवड्यापासून दुधाचे माप दर दोन-तीन दिवसांनी दोन चमच्यांनी कमी करा आणि त्याजागी कोंबडी शिजवलेले पाणी घाला. त्यात मीठ-मसाला नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, कारण त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हे पाणी फेकून देण्याची चूक बरेच जण करतात. मांस शिजवताना त्यातले टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पोटात गेलेच पाहिजे. भिजलेल्या पोळीत नव्या अन्नाचा दहावा हिस्सा कुस्करून मिसळा. तीन-चार दिवस ते नीट खाल्ले की पाव हिस्सा, मग निम्मा, मग पाऊण. एखाद्या पायरीवर मांजर अडले तर मागच्या पायरीवर या, तिथे आठवडाभर थांबा आणि पुन्हा पुढे जा.

अन्न फ्रिजमधून काढून तसेच देऊ नका. ताज्या शिकारीइतके कोमट असले तर वास सुटतो, आणि मांजर आधी नाकाने जेवते. वाटी उथळ असावी. ती वाळूच्या पेटीजवळ ठेवू नये. नव्या अन्नात औषधाची गोळी दडवू नका. एकदा कडू लागले की ते अन्न त्याच्या मनातून कायमचे उतरते. तोंड उघडून जबरदस्तीने भरवण्यानेही तेच होते.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे घरातल्या सगळ्यांचे एकमत. सूनबाई दुधाचे माप कमी करतात आणि दुपारी सगळे झोपल्यावर आजोबा हळूच बशीत दूध ओततात. मांजराला कोणाकडे जायचे हे बरोबर कळते. अशा वेळी मी आजोबांनाच नवे अन्न भरवण्याचे काम सोपवायला सांगतो. माया करायला बशी लागतेच, तर ती योग्य अन्नाची असावी.

द्यावे काय?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मांजरांसाठीच बनवलेले तयार खाद्य. वेष्टनावर ते ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहार असल्याचा उल्लेख पाहून घ्यावा. नुसता खाऊ किंवा पूरक खाद्य असेल तर ते जेवण म्हणून चालत नाही. कुत्र्याचे खाद्य मांजराला पुरत नाही. दाणेदार खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के असते, ओल्या खाद्यात पाऊण भागाहून अधिक. मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातले. त्यामुळे ते स्वतःहून पाणी कमीच पिते. केवळ दाणेदार खाद्य देत असाल तर दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा, खाद्य थोडे भिजवून द्या किंवा रोज काही भाग ओला द्या. बोका वारंवार लघवीला बसतो, कण्हतो आणि थेंबही येत नाही असे दिसले तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

घरीच शिजवून द्यायचे असेल तर शिजवलेली कोंबडी, आठवड्यातून एखाद-दोन वेळा थोडीशी कलेजी आणि उकडलेले अंडे, ही सुरुवात म्हणून ठीक. परंतु कॅल्शियम आणि टॉरिन किती घालायचे हे पशुवैद्याला विचारूनच ठरवावे. अंदाजाने करू नये. ज्यांना तयार खाद्य पूर्णपणे परवडत नाही त्यांनी निम्मे तयार आणि निम्मे घरचे असा मेळ घालावा. दुधाचे वाचलेले पैसेही हिशेबात धरावेत.

शेवटी एक नाजूक मुद्दा. ज्या घरात मांस-मासळी येत नाही अशी पुष्कळ घरे आपल्या जिल्ह्यात आहेत आणि त्या घरांतही मांजरे प्रेमाने सांभाळली जातात. त्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कार. स्वयंपाकघरात मांस शिजवा असे मी म्हणणार नाही. तयार खाद्य व्हरांड्यात, वेगळ्या वाटीत देता येते. मात्र आपला नियम मांजराला लावून त्याला डाळ-भातावर ठेवणे मला पटत नाही. आपण व्रत घेतो ते आपल्या इच्छेने. मांजराच्या शरीराला तो पर्यायच नाही. तयार खाद्यही घरात चालणार नसेल तर मांजर न पाळणे हाच मला प्रामाणिक मार्ग वाटतो.

ज्यांच्या घरी आज दूध-पोळीवरचे मांजर आहे त्यांनी हा लेख वाचून लगेच वाटी काढून घेऊ नये. या आठवड्यात त्याचे वजन करा, दात तपासून घ्या आणि खाण्याच्या वेळा बांधा. एवढे झाले की पुढच्या आठवड्यात दोन चमचे दूध कमी.